सांधेदुखीची बाटली, जी सांधेदुखीवाल्यांनाच उघडत नाही: माझ्या डब्यातल्या सप्लिमेंट्सचा रिव्ह्यू

आमच्याकडे किचनच्या वरच्या फळीवर एक श्रीखंडाचा पाच किलोचा डबा आहे, नवऱ्याच्या भाषेत त्याचं नाव 'मेडिकल'. मागच्या रविवारी तो साफ करायला काढला तर आत अकरा बाटल्या, तीन पाकिटं, एक अर्धवट पावडरचा डबा आणि गमीज निघाल्या. काही एक्स्पायर, काहींची झाकणं गायब. हिशोब मांडायला बसले आणि मध्येच सोडून दिला, कारण आकडा बघून त्रास व्हायला लागला. म्हटलं निदान रिव्ह्यू तरी लिहावा, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आधीच सांगते, मला आरए आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. २०१७ ला निदान झालं, तेव्हा मी ३९ ची. वयाने गुडघे झिजतात ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी, यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, सकाळी बोटं तास-दीड तास आखडलेली, मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे शॉपिंग ॲपवर सगळ्या जॉइंट कॅप्सूलच्या खाली जे 'वडिलांचे गुडघे चार दिवसात बरे, फाइव्ह स्टार' लिहिलेलं असतं ना, ते आपल्यासाठी नाही. मी ते वाचूनच पहिली बाटली मागवली होती.

ती होती ग्लुकोसामाइनची. यावर जास्त वेळ घालवत नाही. हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात (कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेबल बघा, आणि शाकाहारी मंडळींनी पण), आणि त्याच्यावर जो काही अभ्यास झालाय तो मुख्यतः झिजेच्या गुडघ्यांवर, त्यातसुद्धा निकाल धड नाहीत. आरएसाठी त्याचा काही संबंधच नाही. दोन महिने दिवसाला १५०० मिलिग्रॅम घेतलं, गोळी एवढी मोठी की सासूबाई म्हणाल्या, "हे गिळायचंय की उगाळायचंय?" एक स्टार, तोही कुरियरवाला चौथ्या मजल्यापर्यंत आला म्हणून.

आता झाकणाबद्दल बोलू, कारण यावर कोणीच लिहित नाही. लहान मुलांना उघडू नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असतं ना, ते. अहो, बाटलीवर गुडघा आणि मनगटाचं चित्र, नाव 'जॉइंट' अमुक आणि 'फ्लेक्सी' तमुक, आणि झाकण असं की ज्याची मनगटं सुजलीयत त्याला उघडणार कसं? मी एकदा ती दाराच्या फटीत अडकवून फिरवलीय. वर आत ॲल्युमिनियमचं सील, मग कापूस, मग ती सिलिका जेलची पुडी. गोळीआधी इतका व्यायाम होतो की फिजिओची फी वाचावी. आता मी बाटली आली की मुलीकडून उघडून घेते आणि झाकण सैलच ठेवते, आमच्याकडे लहान पोर नाही म्हणून चालतं, तुमच्याकडे असेल तर असं करू नका. स्ट्रिपवाल्या गोळ्या बऱ्या, पण त्यातही जाड फॉइलची असली की कात्री लागते.

फिश ऑइल. हे सविस्तर लिहिते कारण डब्यातलं हे एकच असं आहे ज्याला आरएसाठी खरंच काही आधार आहे, आणि नेमकं हेच लोक चुकीचं घेतात, मीही घेतलं.

बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम. मला वाटलं १००० म्हणजे १००० ओमेगा थ्री. तसं नसतं, १००० हे माशाचं तेल, त्यात कामाचं म्हणजे ईपीए आणि डीएचए, ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात, ईपीए १८० आणि डीएचए १२०, बेरीज ३००. आणि सांध्यांच्या ज्या अभ्यासांमध्ये फरक दिसला त्यात दिवसाला साधारण पावणेतीन-तीन ग्रॅम ईपीए-डीएचए मिळून दिलं होतं, तेही तीनेक महिने सलग. आता करा गणित, ३०० च्या नऊ कॅप्सूल रोज! साठ कॅप्सूलची बाटली आठवडाभरही पुरत नाही. मी दिवसाला एक घेत होते, वर्षभर, आणि सगळ्यांना सांगत होते की फिश ऑइलने काही होत नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ज्यांना नुकताच आरए झालाय अशांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिवसाला साडेपाच ग्रॅम दिलं होतं, २०१५ ला त्याचा रिपोर्ट आला, कमी डोसवाल्यांच्या तुलनेत त्यांच्यात औषधं फेल जाण्याचं प्रमाण कमी. लक्षात घ्या, औषधांच्या जोडीला. औषधांच्या ऐवजी नाही.

मग मी डॉक्टरांना विचारून जास्त स्ट्रेंग्थवाल्यावर आले, एका कॅप्सूलमध्ये ९०० च्या आसपास, दिवसाला तीन, जेवणाबरोबर. महिन्याला सोळाशे-सतराशे जातात. फरक पडला का? तीन-साडेतीन महिन्यांनी पेनकिलर आठवड्यातून चार-पाच वेळा लागायची ती एखाद्या वेळेवर आली, सकाळचं आखडणं पण अर्ध्या तासावर. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच सुमारास डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट (आरएची मुख्य गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची) १५ वरून २० मिलिग्रॅम केली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मलाच कळत नाही. सुरू ठेवलंय. मधे दोनदा बंद केलं, पण फार काही वाटलं नाही, तरी पुन्हा मागवलं. माणसाचं मन.

त्रास म्हणाल तर ढेकर. सकाळी १०.२० च्या मीटिंगमध्ये सुक्या बोंबलाचा ढेकर आल्यावर शेजारचा जो चेहरा करतो त्याला उपाय नाही. कॅप्सूल फ्रिजरमध्ये ठेवून जेवताना घ्यायची, कमी होतं. आणि नवीन बाटलीतली एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या, माशाचा वास येणारच पण खवट, जुन्या रंगासारखा आला तर परत करा, मी एकदा केलीय, ॲपवाल्यांनी पैसे दिले. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका, ऑपरेशन असेल तर आधी सांगा.

आई म्हणते, रत्नागिरीची मुलगी असून माशाचं तेल बाटलीतून पितेस, लाज नाही वाटत? बरोबर आहे तिचं, बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, स्वस्त आणि गुणी, सुरमई-पापलेटच्या नादात आपण त्यांना हलकं समजतो. आठवड्यातून दोनदा बांगडा मी खातेच. पण तीन ग्रॅम रोज फक्त खाऊन गाठायचे तर आमच्या बिल्डिंगमधून आम्हाला बाहेर काढतील. शाकाहारी मैत्रिणी जवसाची चटणी सांगतात, चटणी छानच, मीही करते, पण जवसातलं ओमेगा थ्री वेगळ्या जातीचं, शरीरात त्याचं ईपीए होतं ते अगदी थोडं. त्यांच्यासाठी शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, महाग आहेत. साडेतीन स्टार.

हळदीच्या कॅप्सूल, म्हणजे करक्युमिन. इथे माझी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे.

हळदीवर विश्वास नाही असं आपण सांगतो कोणाला, खरचटलं हळद, घसा हळद, लग्नात हळद, सांगलीच्या हळदीला तर २०१८ पासून जीआय टॅग. पण डब्यातल्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. म्हणून कंपन्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ ला बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की २० मिलिग्रॅम पायपरिन बरोबर दिलं की करक्युमिन वीसपट शोषलं जातं, तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर 'वीसपट' छापलेलं असतं. आरएवर पण एक छोटा अभ्यास आहे २०१२ चा, ४५ जणांवरचा, त्यात करक्युमिनवाल्यांना डायक्लोफिनॅक ही पेनकिलर घेणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. ४५ म्हणजे आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला याहून जास्त बायका येतात, पण वाचून मला भारी वाटलं होतं आणि मी मागवली. ९५ टक्के एक्स्ट्रॅक्ट, पायपरिनसकट, दिवसाला दोन.

सांधे जरा बरे वाटले, खोटं नाही बोलत. अडीच महिन्यांनी नेहमीचं लिव्हरचं रक्त तपासलं (मेथोट्रेक्सेटवाल्यांना ते करावंच लागतं) तर एसजीपीटी ११८. माझं कायम तिशीत असतं. डॉक्टरांनी विचारलं, "अजून काय काय घेताय?" मी म्हटलं, "काही नाही." शेजारी बसलेला नवरा, "अगं, त्या हळदीच्या गोळ्या सांग ना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी सहा वर्षं दर वेळी विचारतो आणि तुम्ही काही नाही म्हणता." मला खरंच वाटत होतं की हळद म्हणजे काय औषध नाही, सांगायचं काय त्यात! मग हळद आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही बंद, पाच आठवड्यांनी नॉर्मल, मग फक्त मेथोट्रेक्सेट परत सुरू, आजतागायत रिपोर्ट ठीक. दोषी हळदच होती असं मी शपथेवर नाही सांगू शकत, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण अमेरिकेतल्या लिव्हर डॉक्टरांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हर बिघडलेल्या दहा जणांचा रिपोर्ट दिलाय, त्यातल्या बहुतेकांच्यात एक ठराविक जनुकीय खूण सापडली, म्हणजे सगळ्यांना होत नाही, ज्याला व्हायचं त्याला होतं, आणि आपण त्यातले आहोत का ते आधी कळत नाही. शिवाय ते मिरं फक्त करक्युमिनच नाही तर इतर काही औषधंसुद्धा रक्तात वाढवू शकतं, हे बाटलीवर कुठे लिहितात?

भाजीतली हळद चालू आहे, दुधातली पण. कॅप्सूलला दीड स्टार.

गुळवेल आणि अश्वगंधा हे दोन्ही कोविडमधले पाहुणे. तेव्हा घरोघरी काढा उकळत होता, आईने अंगणातल्या कडुनिंबावरचा वेल तोडून, वाळवून पार्सल केला. 'इम्युनिटी वाढेल बाळा.' आई गं, माझी इम्युनिटीच तर माझी बोटं खातेय, तिला अजून खुराक कशाला! पण आईला फोनवर हे समजावणं म्हणजे... मी थोडे दिवस घेतलाच. मग २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरचा त्रास छापून आणला, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल नसेल, दिसायला सारखी दुसरी जात असेल, मग २०२२ ला देशभरातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अहवाल आला. दिसलेलं असं की लिव्हरवर प्रतिकारशक्तीच उलटल्यासारखं होत होतं, आणि बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइडसारखे ऑटोइम्यून आजार होते. म्हणजे आपलीच जात. माझ्या डॉक्टरांनी दोन्हीवर सरळ काट मारली. आईला मी अजून सांगितलेलं नाही, पार्सल येतं, मी ते गॅलरीतल्या कुंडीत घालते, मोगरा मात्र जोरात आहे. स्टार देत नाही, आईचं मन.

कोलॅजन पावडर: कोमट पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या होतात, वास कोंबडीच्या सूपचा. चार हजार गेले. पुढे.

बायोटिन गमीज. मेथोट्रेक्सेटने केस गळतात म्हणून घेतल्या, चव छान, मुलगीच जास्त खायची. केसांना काही झालं नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला, टीएसएच एकदम तळाला, मी घाबरून रडारड. लॅबच्या मॅडमनीच विचारलं, केसांच्या गोळ्या घेता का? बायोटिन जास्त डोसमध्ये असलं की काही लॅबच्या मशीनची टेस्टच गंडते, माणूस ठीक असतो. बंद करून आठवड्याने परत दिलं, नॉर्मल. आपल्याला दर दोन-तीन महिन्यांनी रक्त द्यायचं असतं, तर हे माहीत असू द्या. केस वाचले ते शेवटी दुसऱ्याच गोळीने, सांगते.

व्हिटॅमिन डी थ्री आणि कॅल्शियम एकत्र घेते. माझं डी ११ निघालं होतं, डोंबिवली लोकलमध्ये ऊन कुठून मिळणार. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. अंगदुखी, ती सगळं अंग ठणकण्याची भावना, ती कमी झाली. बोटांची सूज नाही. तेवढीच अपेक्षा ठेवा. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षं केलेल्या चाचणीत रोज २००० युनिट डी घेणाऱ्यांना ऑटोइम्यून आजार २२ टक्के कमी झाले, २०२२ ला आलं ते, पण ते व्हायच्या आधीचं, आपली गाडी केव्हाच सुटली. मुलीला मात्र तपासून घेतलं. आणि एक, ६०,००० ची रोज घ्यायची नसते. आमच्या शेजारच्या काकू मेडिकलवाल्याकडून स्ट्रिप आणून रोज एक घेत होत्या, वाढलेलं कॅल्शियम घेऊन ॲडमिट. कॅल्शियमची गोळी म्हणजे खडू, पण सुरुवातीला स्टेरॉइड चालू होतं, त्याने हाडं विरळ होतात, म्हणून ती घेतलीच पाहिजे होती. कार्बोनेटवाली असेल तर जेवणाबरोबर, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको. चार स्टार, दोघांना मिळून.

आता तो पावडरचा डबा. नाव लिहित नाही, नणंदेची मैत्रीण विकते, आणि नणंद हे वाचते. २८०० रुपये, महिनाभराचा. घरी येऊन प्रोजेक्टरवर प्रेझेंटेशन केलं, चहा-पोहे आमचे. आत काय आहे तर 'प्रोप्रायटरी ब्लेंड', २३ वनस्पती, कुठली किती ते गुपित. ती म्हणाली, "वहिनी, केमिकल बंद करा, मग बघा. दोन्ही एकत्र घेतलं तर आमचं काम करत नाही." २०१९ ची गोष्ट, मी तेव्हा मळमळीला इतकी कंटाळले होते, रविवारी गोळी घ्यायची आणि सोमवार पूर्ण वाया, की मी ऐकलं. मेथोट्रेक्सेट बंद. पहिले दोन आठवडे स्वर्ग, मळमळ नाही काही नाही, मी तिला व्हॉट्सॲपवर हृदयं पाठवली. (ती मळमळ गेली होती ती गोळी बंद झाल्यामुळे, पावडरमुळे नाही, आणि जुन्या गोळीचा असर सांध्यात अजून शिल्लक होता, हे नंतर कळलं.) चौथ्या आठवड्यात मनगटं सुजली. पाचव्यात ब्लाउजचे हुक लागेनात, नळ बंद करता येईना, लोकलचा दांडा पकडता येईना म्हणून ऑफिसला रजा. तिला फोन केला तर म्हणे हा हीलिंग क्रायसिस आहे, विष बाहेर पडतंय, डोस डबल करा. डबल, म्हणजे ५६००!

परत डॉक्टरांकडे गेले, ते ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. स्टेरॉइडचा छोटा कोर्स, गोळी परत, सावरायला तीन महिने. त्या डब्याच्या मागे अगदी खाली छापलंय, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. फूड सप्लिमेंटवर ते छापणं कायद्यानेच लागतं, डब्यावर ते लिहितात आणि सोफ्यावर बसून उलटं सांगतात. शून्य स्टार द्यायची सोय हवी होती.

जाता जाता वैदूच्या काळ्या गोळ्या: मी नाही, ऑफिसमधल्या एकीने घेतल्या. दोन दिवसात दुखणं गायब, महिन्याभरात चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली. डॉक्टरांना स्टेरॉइडची मिसळ वाटली. लेबल नसलेली, दोन दिवसात चमत्कार करणारी कुठलीही पुडी असेल तर हाच संशय आधी घ्या. पण अचानक बंद पण करू नका, डॉक्टरांकडे ती पुडी घेऊन जा.

राहिली ती डब्यातली सगळ्यात बावळट दिसणारी स्ट्रिप, फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. पिवळी, बारकी, गिळायला पाणी पण लागत नाही. मेथोट्रेक्सेट फोलेटच्याच वाटेत आडवं येतं, म्हणून तोंड येणं, मळमळ, लिव्हरचे आकडे, हे सगळं ही आवरून धरते, आणि माझे केसही हिचा डोस नीट लावल्यावरच गळायचे थांबले. मला आठवड्यातून दोनदा आहे, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून, तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. फक्त या दोन गोळ्यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका, दोन्ही पिवळ्या, दोन्ही छोट्या असू शकतात, आणि मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. मी मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने 'रवि' लिहिते आणि दुसरी वेगळ्या डबीत ठेवते. हिचं ॲपवर एकही रिव्ह्यू नाही, कोणी अनबॉक्सिंग करत नाही, इन्फ्लुएन्सर हातात धरत नाही. गोळी दोन-तीन रुपयांना. फॉइल पातळ, अंगठ्याने फुटते, माझ्या अंगठ्यानेसुद्धा. पाच स्टार.

डबा आता अर्धा रिकामा झालाय. फिश ऑइल, डी, कॅल्शियम आणि पिवळी राहिल्यात, सगळ्यांची यादी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलीय, डॉक्टरांनी विचारलं की फोन पुढे करायचा, नवऱ्याला बोलायचं कामच नाही. बाकीच्या बाटल्या सासूबाईंनी धुऊन उन्हात वाळवल्या आणि त्यात जायफळ, वेलदोडे, मोहरी भरली. ग्लुकोसामाइनच्या बाटलीत वेलदोडे आहेत. झाकण त्यांनी घट्ट लावलंय, त्यामुळे सध्या चहा बिनवेलचीचा.